फिश टँकसाठी घरच्या घरी लाकडी स्टँड कसा बनवावा

पहिल्यांदा स्टँड बनवायला घेणाऱ्या माणसाला एकच भीती असते, आणि ती म्हणजे वजनाची. एवढे पाणी आणि एवढी काच खालचे लाकूड पेलेल का, हा प्रश्न त्याला सोडत नाही. ही भीती साहजिक आहे, परंतु उभे लाकूड किती भार घेते याचा हिशेब केला तर ती बरीचशी निराधार ठरते. पाइनसारख्या मऊ लाकडाचा, ४५ × ९० मिलिमीटर मापाचा आणि अर्धा मीटर उंचीचा खांब सरळ उभा असेल तर एक टन भार सहज पेलतो. मध्यम आकाराच्या टाकीखाली चार खांब दिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७० किलोही येत नाहीत.

तरीही घरी बनवलेले स्टँड बिघडतात. कुठे ते बाजूला कलतात, कुठे वरची बैठक पिळलेली असल्यामुळे टाकीचा सांधा सुटतो, तर कुठे सांडलेले पाणी लाकडात मुरून खालची बाजू फुगते. माझ्या पहिल्या स्टँडला मी पाठीमागचा प्लायवूड लावलाच नव्हता, कारण खांब भरपूर जाड होते आणि रिकामा असताना तो अगदी घट्ट उभा होता. टाकी भरल्यावर दोन महिन्यांनी असे लक्षात आले की स्टँडच्या खालच्या कपाटाचे दार वरच्या बाजूला चौकटीला घासते आहे. खाली उतरून पाहिले, तर दाराच्या फटीत वर पोस्टकार्ड जात नव्हते आणि खाली करंगळी जात होती. काच पुसताना लागणारा हात आणि त्याने आत हेलकावणारे पाणी, एवढ्याने चौकट हळूहळू एका बाजूला कलली होती. एकही लाकूड मोडले नव्हते. मासे बादल्यांत हलवून सगळी टाकी उपसावी लागली. तेव्हापासून मी स्टँडचा विचार खांबांपासून सुरू न करता प्लायवूडपासून सुरू करतो, आणि या लेखातही सर्वाधिक भर त्याच गोष्टींवर दिला आहे.

उदाहरणासाठी ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच टाकी घेतली आहे. आपली टाकी वेगळ्या मापाची असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

वजनाचा हिशेब

टाकीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला १००० ने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. आपल्या टाकीचे १८२ लिटर होतात. एक लिटर गोडे पाणी एक किलोचे असते, म्हणून पाण्याचे १८२ किलो धरावेत. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट असते. आठ मिलिमीटर जाडीच्या काचेची ही टाकी रिकामी असताना सुमारे ३२ किलो भरते. तळाशी पाच सेंटिमीटर वाळू किंवा बारीक खडी घातली तर तिचे आकारमान २० लिटर होते, आणि लिटरमागे दीड किलो धरले तर वजन ३० किलो येते. एकूण बेरीज २४४ किलो होते. टाकी काठोकाठ भरली जात नाही आणि वाळूने व्यापलेल्या जागेत पाणी नसते, त्यामुळे खरे वजन याहून थोडे कमी असते, पण बांधकामाचा हिशेब नेहमी वरच्या बाजूने धरावा. म्हणून २५० किलो गृहीत धरू. त्यात स्टँडचे स्वतःचे चाळीसेक किलो मिळवले की सुमारे २९० किलो अर्ध्या चौरस मीटरहून लहान जागेवर येतात.

हे वजन जमिनीला चालेल का, हेही आधीच पाहायला हवे. घरांच्या जमिनी साधारणपणे दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार संपूर्ण खोलीभर पसरलेला असेल असे धरून बांधलेल्या असतात. एका भिंतीलगत उभी असलेली अशी एक टाकी काँक्रीटच्या स्लॅबवर सहसा अडचणीची ठरत नाही. मात्र खोलीच्या मध्यभागी, लाकडी तक्तपोशीवर किंवा गॅलरीसारख्या बाहेर झुकलेल्या भागावर ती ठेवायची असेल, अथवा टाकी ३००–४०० लिटरच्या पुढची असेल, तर स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय काम सुरू करू नये. लाकडी जमीन असल्यास खालच्या तुळया ज्या दिशेने गेल्या आहेत त्यांना आडवा असा स्टँड ठेवावा, म्हणजे भार एकाच तुळईवर न येता दोन-तीन तुळयांवर वाटला जातो.

जागा निवडताना थेट ऊन येणारी खिडकी टाळावी, कारण उन्हाने शेवाळ वाढते आणि पाणी तापते. पाठीमागे भिंतीपर्यंत आठ-दहा सेंटिमीटर मोकळे सोडावेत, कारण फिल्टरच्या नळ्या तेथूनच वळतात. प्लगचा बोर्ड जवळ असावा, पण टाकीच्या थेट खाली नसावा.

रचना समजून घेणे

या स्टँडला दोन आयताकृती चौकटी आहेत, एक वर आणि एक खाली. त्यांच्यामध्ये चार कोपऱ्यांना खांब आहेत. वरच्या चौकटीची लांब तुळई खांबाच्या डोक्यावर टेकते आणि खांब खालच्या चौकटीवर टेकतो. भार लाकडावरून लाकडावर उतरला पाहिजे आणि स्क्रूने फक्त तुकडे जागेवर धरून ठेवले पाहिजेत, हा या कामाचा पाया आहे. अनेक नवखे कारागीर आडवी तुळई खांबाच्या बाजूला स्क्रूने ठोकतात. अशा वेळी टाकीचे सगळे वजन त्या आठ-दहा स्क्रूंवर लटकते, आणि सांधा एक मिलिमीटर जरी सरकला तरी बैठक त्या कोपऱ्यात खाली जाते.

दुसरी गोष्ट तुळईच्या बाजूची. ४५ × ९० मापाची तुळई ९० मिलिमीटरची बाजू उभी ठेवून बसवली, तर ती आडवी बसवण्यापेक्षा चौपट ताठ राहते, कारण ताठपणा उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो आणि जाडीच्या नुसत्या पटीने वाढतो. आपल्या टाकीखाली, दोन खांबांमधल्या ७२ सेंटिमीटरच्या मोकळ्या अंतरात, उभी तुळई पाव मिलिमीटरच्या आसपास वाकते. तीच आडवी बसवली तर बाक एक मिलिमीटरच्या घरात जातो. लाकूड तेच आणि खर्चही तोच, केवळ बसवण्याची दिशा बदलली. आधारांमधले अंतर दुप्पट झाले तर बाक सोळापट होतो, म्हणून १२० सेंटिमीटर लांबीच्या टाकीला १४० मिलिमीटर उंचीची तुळई घ्यावी किंवा मधोमध आणखी एक खांब द्यावा. मधला खांब घेताना खाली ठेवायचे सामान त्याच्या बाजूने आत जाते का, ते आधी मोजून पाहावे.

उंची किती ठेवावी हा आवडीचा प्रश्न आहे. खुर्चीवर बसून टाकी पाहायची असेल तर ७०–७५ सेंटिमीटर पुरतात. उभ्याने पाहण्यासाठी स्टँड उंच केला तर तो डुलण्याकडे अधिक झुकतो, आणि टाकीच्या तळापर्यंत हात पोहोचवण्यासाठी स्टुलावर चढावे लागते. पहिल्या स्टँडला मी ७५ सेंटिमीटरच्या वर जाण्याचा सल्ला देणार नाही.

लाकूड आणि कापणी

लाकूड वाळलेले असावे. ओले लाकूड बसवल्यावर आकसते आणि पिळते, आणि मग कितीही काटेकोर काम केलेले असले तरी बैठक सपाट राहत नाही. दुकानात प्रत्येक तुकडा डोळ्यासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत न्याहाळावा. किंचित एका बाजूला बाक असलेली तुळई चालते, मात्र ती बसवताना फुगीर बाजू वर ठेवावी. पीळ असलेला तुकडा मात्र परत ठेवून द्यावा, कारण पीळ रंध्याने काढता काढता लाकूडच संपते. तुळईच्या मध्यावर खालच्या कडेला मोठी गाठ नसावी, खांबात ती असली तरी बिघडत नाही.

प्लायवूड पाण्याला टिकणारा घ्यावा. लाकडाच्या भुशापासून दाबून बनवलेले बोर्ड स्वस्त आणि गुळगुळीत असतात, पण एकदा पाणी प्यायले की कडेने फुगतात आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाहीत. टीव्हीचे कपाट किंवा तयार टेबल टाकीखाली वापरू नये, याचेही मुख्य कारण हेच आहे.

आपल्या टाकीसाठी पुढील तुकडे लागतील.

४५ × ९० मिमी लाकूड: ९० सेंमीच्या ४ लांब तुळया, ३६ सेंमीच्या ६ आडपट्ट्या, ५५.२ सेंमीचे ४ खांब.
४५ × ४५ मिमी लाकूड: ५५.२ सेंमीचे ४ उपखांब (खांबांच्या आतल्या अंगाला उभे राहणारे), ७० सेंमीच्या ४ जोडपट्ट्या (खांब आणि चौकटी एकत्र बांधणाऱ्या).
१८ मिमी प्लायवूड: वरच्या बैठकीसाठी ९२.४ × ४८ सेंमीचा एक तुकडा, शिवाय दारांसाठी हवा तसा.
१२ मिमी प्लायवूड: पाठीसाठी ९२.४ × ७३.२ सेंमी, दोन बाजूंसाठी प्रत्येकी ४५ × ७३.२ सेंमी, आतल्या तळासाठी ९० × ४५ सेंमी.

याखेरीज ९०–१०० मिलिमीटर, ७५ मिलिमीटर आणि ४० मिलिमीटर लांबीचे गंज न धरणारे स्क्रू, पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद, लाकडासाठी पाण्याला अडवणारे वार्निश आणि पारदर्शक सिलिकॉन लागेल. हत्यारांत करवत, ड्रिल मशीन, गुण्या, पाणसळ, मोजपट्टी, रंधा आणि दोन-तीन क्लॅम्प एवढे पुरते. प्लायवूड दुकानातच मशीनवर कापून मिळत असेल तर तसे करावे, कारण हातकरवतीने ९० सेंटिमीटरची सरळ रेषा काढणे नवख्याला जड जाते.

सगळे खांब आणि उपखांब एकाच लांबीचे असणे हे प्रत्यक्ष लांबी किती आहे यापेक्षा महत्त्वाचे आहे. पहिला तुकडा मोजून कापावा आणि पुढचे सात तुकडे त्याच पहिल्या तुकड्यावरून आखावेत. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा असे करत गेल्यास पेन्सिलच्या रेघेची जाडी दर वेळी मिळत जाते. शेवटी आठही तुकडे सपाट फरशीवर शेजारी शेजारी उभे करावेत आणि माथ्यांवरून बोट फिरवावे. अर्ध्या मिलिमीटरची पायरीसुद्धा बोटाला कळते. जो तुकडा उंच लागेल तो काचपेपरवर घासून इतरांच्या बरोबरीला आणावा.

चौकटी जोडणे

दोन लांब तुळया कडेवर उभ्या ठेवून त्यांच्यामध्ये तीन आडपट्ट्या बसवाव्यात, दोन अगदी टोकांना आणि एक मधोमध. बाहेरून बाहेर मोजल्यास चौकट बरोबर ९० × ४५ सेंटिमीटर भरली पाहिजे. प्रत्येक सांध्याला गोंद लावावा आणि लांब तुळईच्या बाहेरून दोन लांब स्क्रू आडपट्टीच्या टोकात जाऊ द्यावेत. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडून घेणे आवश्यक आहे, नाहीतर टोकाजवळचे लाकूड हमखास चिरते.

गोंद ओला असतानाच चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ९० × ४५ च्या चौकटीचा कर्ण १००.६ सेंटिमीटर येतो, परंतु आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे असणे महत्त्वाचे आहे. एक कर्ण मोठा आला तर त्या दोन कोपऱ्यांना क्लॅम्प लावून हलके आवळावे आणि पुन्हा मोजावे.

कर्ण सारखे आले म्हणजे चौकट काटकोनात आहे, पण ती सपाट आहे असे सिद्ध होत नाही. त्यासाठी दोऱ्याची जुनी युक्ती आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांत छोटे खिळे ठोकून दोन दोरे चौकटीच्या माथ्याला टेकून कर्णांवर ताणून बांधावेत, म्हणजे ते मध्ये एकमेकांना छेदतील. चौकट सपाट असेल तर दोन्ही दोरे तिथे नुसते स्पर्श करतात. वरच्या दोऱ्याखाली फट दिसली, किंवा खालचा दोरा त्याला वर ढकलत असेल, तर चौकट पिळलेली आहे. दोऱ्यांची अदलाबदल करून म्हणजे वरचा खाली घेऊन पुन्हा पाहावे, कारण वरचा दोरा नेमका अलगद टेकल्यासारखा दिसत असतानाही थोडा पीळ लपलेला असू शकतो. हे पाहताना चौकट सपाट जमिनीवर असावी. पीळ निघाला तर उंच कोपऱ्यावर वजन ठेवून गोंद सुकू द्यावा.

कोपरे उभे करणे

खालची चौकट जमिनीवर ठेवावी. प्रत्येक खांब त्याची ९० मिलिमीटरची बाजू लांब तुळईच्या दिशेने ठेवून, कोपऱ्यात, तुळईवर नेमका उभा करावा. खांबाची बाहेरची बाजू तुळईच्या बाहेरच्या बाजूशी सपाट जुळली पाहिजे. त्याच्या आतल्या अंगाला, टोकाच्या आडपट्टीवर, उपखांब उभा राहतो. वरच्या चौकटीची टोकाची आडपट्टी नंतर याच उपखांबावर टेकणार आहे. म्हणजे टाकीच्या आखूड बाजूचे वजनही स्क्रूंवर न लटकता थेट खाली उतरेल.

आता कोपऱ्यात आतल्या बाजूला ४५ × ४५ मिलिमीटरची एक पोकळी उरते. तिथे जोडपट्टी बसवायची. ती ७० सेंटिमीटरची आहे आणि चौकटीसह एकूण उंची ७३.२ सेंटिमीटर आहे, म्हणून ती वरून आणि खालून दीड-दीड सेंटिमीटर आत राहील अशी धरावी. जोडपट्टी भार घेत नाही. खालची चौकट, खांब आणि वरची चौकट यांना एका रेषेत बांधून ठेवणे हे तिचे काम आहे, आणि म्हणूनच ती कुठेही टोकाला टेकता कामा नये. गोंद लावून ७५ मिलिमीटरचे स्क्रू खालच्या तुळईत दोन आणि खांबात तीन जाऊ द्यावेत, उपखांबालाही याच रीतीने बांधावे.

चारही कोपरे उभे झाल्यावर, वरची चौकट चढवण्यापूर्वी, आतला तळ वरून खाली उतरवून ठेवावा. जोडपट्ट्यांमुळे कोपरा आता ९ × ९ सेंटिमीटरचा भरीव झालेला असतो, म्हणून तळाच्या तुकड्याला चारही कोपऱ्यांत त्या मापाहून दोन मिलिमीटर मोठ्या खाचा पाडाव्यात. हा क्रम चुकला तर तळ पुन्हा आत जात नाही, कारण समोरची मोकळी जागा फक्त ७२ सेंटिमीटर असते.

त्यानंतर वरची चौकट आठही माथ्यांवर ठेवावी. स्क्रू लावण्याआधी प्रत्येक माथ्यावर कागदाचा कपटा सरकवून पाहावा. कपटा कुठेच आत जात नसेल तरच चौकट सगळीकडे टेकली आहे असे समजून ती जोडपट्ट्यांना बांधावी.

प्लायवूडची पाठ

या टप्प्यावर सांगाड्याचा वरचा कोपरा धरून लांबीच्या दिशेने ढकलून पाहावे. एवढे गोंद आणि स्क्रू असूनही तो थोडा डुलेल. चौकोनाचा हाच दोष आहे. त्याचे कोन बदलले तरी बाजूंची लांबी बदलत नाही, म्हणून तो तिरका व्हायला त्याला फारसा जोर लागत नाही. सपाट तक्ता चारही कडांना बांधला की हे तिरके होणे थांबते, कारण त्यासाठी तक्ताच ताणला जावा लागतो. पाठीचा तक्ता लांबीच्या दिशेचे डुलणे थांबवतो आणि बाजूचे दोन तक्ते पुढे-मागे डुलणे थांबवतात.

आधी बाजूंचे तक्ते लावावेत, मग पाठीचा तक्ता त्यांच्या कडा झाकेल असा लावावा. गोंद लावून कडेने दर १५ सेंटिमीटरवर ४० मिलिमीटरचा स्क्रू द्यावा. स्क्रू तुळयांत आणि खांबांत, सगळीकडे गेले पाहिजेत. नळ्या आणि वायरींसाठी पाठीला भोके लागतात, ती गोल पाडावीत आणि कडेपासून निदान दहा सेंटिमीटर आत ठेवावीत. हवा खेळण्यासाठी पाठीचा अर्धा भाग कापून टाकलेले स्टँड मी पाहिले आहेत. तसे केल्यास तक्ता लावून-न लावून सारखाच. तक्ते लावल्यावर तोच कोपरा पुन्हा ढकलून पाहावा. फरक हाताला इतका स्पष्ट कळतो की प्लायवूडचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

शेवटी १८ मिलिमीटरची बैठक वर बसवावी. ती पाठीला आणि बाजूंना १.२ सेंटिमीटर बाहेर येते आणि समोर दारांच्या जाडीएवढी, म्हणजे १.८ सेंटिमीटर. टाकी मात्र आतल्या चौकटीच्या बरोबर वर यायला हवी, म्हणून तिची जागा बैठकीवर पेन्सिलने आखून ठेवावी. बैठकीच्या स्क्रूंची डोकी लाकडात बुडवून वर लांबी (म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी) भरून घासावी, कारण वर आलेले एखादे डोके काचेच्या तळाला एकाच बिंदूवर टोचते.

बैठक सपाट आहे का

दोऱ्याची परीक्षा बैठकीवरही घ्यावी आणि लांब सरळ पट्टी कडेवर उभी धरून चारही कडांना आणि दोन्ही कर्णांवर फिरवून पाहावी. पट्टीमागे विजेरी धरली तर फटीतून येणारा उजेड दिसतो. मग रिकामी टाकी ठेवून तिच्या तळाशी कागद सरकवावा. एखाद्या कोपऱ्यात कागद आत गेला तर टाकी उचलावी आणि जिथे बैठक उंच आहे तिथे रंधा मारावा. टाकीच्या काचेखाली पाचर कधीही सारू नये, त्यामुळे भार एका बिंदूवर एकवटतो.

ही काळजी कशासाठी घ्यायची, ते पाण्याच्या रेट्यावरून कळते. ४५ सेंटिमीटर खोल पाणी ९० सेंटिमीटर लांबीच्या समोरच्या काचेला सुमारे ९० किलो वजनाइतक्या जोराने सतत बाहेर ढकलत असते. हा रेटा सिलिकॉनचे सांधे सहन करतात. त्यातच तळ पिळलेला असेल तर सांध्यांवर आणखी ताण येतो. तो सांधा लगेच सुटत नाही, काही महिन्यांनी एके रात्री सुटतो.

टाकीखाली फोम किंवा थर्मोकोल घालावा का, हे टाकीच्या बनावटीवर अवलंबून आहे. तळाची काच थेट बैठकीवर बसत असेल, तर अर्धा-एक सेंटिमीटर जाडीचा थर घालावा, कारण बारीक खडा किंवा किंचित उंचवटा त्यात सामावला जातो. तळाला प्लास्टिकची चौकट असून काच अधांतरी राहत असेल, तर तो घालू नये. तिथे वजन फक्त कडांवरून उतरावे अशी रचना असते आणि फोम मध्येच काचेला वर रेटतो.

पाण्यापासून बचाव

सांडलेले पाणी लाकडाच्या पृष्ठभागापेक्षा कापलेल्या टोकांतून आणि प्लायवूडच्या कडांतून जास्त मुरते. म्हणून वार्निशचे तीन हात द्यायचे असतील, तर या कडांना पाच द्यावेत. दोन हातांच्या मध्ये बारीक काचपेपर मारावा. कपाटाची आतली बाजू दिसत नाही म्हणून कोरी सोडण्याची चूक अनेक जण करतात, वस्तुतः गळती तिथेच होते. तळ आणि बाजूचे तक्ते जिथे मिळतात तिथे सिलिकॉनची रेघ ओढावी, म्हणजे फिल्टर उघडताना सांडलेला अर्धा लिटर तळावरच राहतो आणि फडक्याने पुसता येतो.

वार्निश सुकले तरी त्याचा वास काही दिवस राहतो, आणि हे माशांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. हवेचा पंप कपाटात ठेवलेला असेल तर तो कपाटातलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. दारे उघडी ठेवून निदान आठवडाभर स्टँड वाऱ्यावर ठेवावा, आणि नाक आत घालून वास येईनासा झाल्यावरच पंप आत ठेवावा.

वायरींचा बोर्ड कपाटाच्या तळावर न ठेवता बाजूच्या तक्त्यावर उंच लावावा. प्रत्येक वायर प्लगपेक्षा खाली लोंबून मग वर जाईल अशी सोडावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी खालच्या वळणावरून ठिबकेल आणि प्लगपर्यंत पोहोचणार नाही.

जागेवर ठेवणे आणि भरणे

चारही खांबांखाली १० × १० सेंटिमीटरचे प्लायवूडचे पाय गोंद आणि स्क्रूने लावावेत. जमीन क्वचितच एकसारखी असते आणि संपूर्ण चौकट टेकवण्यापेक्षा चार पाय टेकवणे सोपे असते. शिवाय फरशी पुसताना स्टँडचे लाकूड भिजत नाही. स्टँड जड झालेला असतो, तो दोघांनी उचलावा. जागेवर ठेवून लांबीत आणि रुंदीत पाणसळ लावावी आणि गरज पडल्यास पायांखाली पातळ, कडक प्लास्टिकच्या किंवा प्लायवूडच्या पाचरी सारून समतल करावे. घरात लहान मुले असतील किंवा भूकंपाचा प्रदेश असेल, तर पाठीच्या वरच्या तुळईतून भिंतीला दोन धातूचे कोन बांधणे चांगले.

टाकी एका दमात भरू नये. पहिल्यांदा पाव भाग भरून तासभर थांबावे आणि पाणसळ पुन्हा लावावी. पाणी आत आल्यावर तर ते स्वतःच पाणसळीचे काम करते. चारही कोपऱ्यांत टाकीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. ९० सेंटिमीटरच्या लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक मी चालवून घेतो. त्याहून अधिक असेल तर पाणी काढून, टाकी उचलून, पायांखालच्या पाचरी बदलाव्यात. पाणी असलेली टाकी किंवा तिच्यासह स्टँड उचलण्याचा प्रयत्न कधीही करू नये. मग अर्धी टाकी, मग पाऊण, मग पूर्ण, आणि प्रत्येक वेळी तीच मोजणी करावी. पूर्ण भरल्यावर एक दिवस तशीच ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी सिलिकॉनच्या सांध्यांवरून कोरडा टिशू फिरवावा, कारण डोळ्याला न दिसणारा ओलावा टिशूवर लगेच उमटतो.

दारे सगळ्यात शेवटी, टाकी भरल्यानंतर बसवावीत. रिकाम्या स्टँडवर नेमकी बसवलेली दारे भार आल्यावर किंचित घासू लागतात, भरल्यावर बसवली तर ती त्याच आकाराला जुळतात. दोन दारांमधली फट वर आणि खाली मोजून आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवावी. महिन्याभराने पुन्हा मोजल्यावर तोच आकडा आला तर स्टँड स्थिर आहे. वरचा आणि खालचा आकडा वेगळा येऊ लागला तर पाठीच्या तक्त्याचे स्क्रू तपासावेत आणि तोवर टाकीतले पाणी अर्ध्यावर आणावे.